ब्राउझर एसडीकेमधील नमुना अनुप्रयोग : बांधणी, चालवणे आणि अडचणी



अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत "सर, आम्ही स्वतःचा ब्राउझर बनवला आहे" असे सांगणारा एखादा गट जवळजवळ दरवर्षी माझ्यासमोर येतो. त्यात काही वावगे नाही. मात्र "तुमच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ किती वेळा चालते?" असे विचारले की बहुतेक गट एकमेकांकडे पाहू लागतात. उत्तर "एकदा" असे नाही, आणि ते का नाही हे समजले तर अर्धा विषय समजला. या टिपणात आपण ब्राउझरच्या एका एसडीकेमधील तयार नमुना अनुप्रयोग उतरवून घेणे, बांधणे, चालवणे आणि दुसऱ्या संगणकावर नेणे हा सगळा प्रवास पाहू. हे सगळे सी++ आणि लिनक्सची जुजबी ओळख असलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे.

आधी एक कबुली. काही वर्षांपूर्वी माझ्या मार्गदर्शनाखालील चार मुलांच्या गटाचा प्रकल्प आमच्या प्रयोगशाळेत महिनाभर उत्तम चालत होता. परीक्षेच्या दिवशी त्यांनी तो पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या खोलीतील संगणकावर लावला, आणि बाह्य परीक्षकांसमोर खिडकी उघडायच्या आतच प्रोग्रॅम बंद पडला. टर्मिनलवर आयसीयू डेटा मिळाला नाही अशा अर्थाची एकच ओळ होती. मुलांना ती समजली नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही समजली नाही. त्यांचे गुण गेले. काय चुकले होते ते पुढे येईलच.

कोणता एसडीके, आणि का

ब्राउझर शून्यापासून लिहिणे आज कोणत्याही महाविद्यालयीन गटाच्या आवाक्यातले काम नाही. क्रोमियमचा पूर्ण स्रोत उतरवून बांधायचा तर डिस्कवर किमान १०० जीबी मोकळी जागा लागते, १६ जीबीपेक्षा अधिक मेमरी असावी अशी शिफारस आहे आणि साध्या संगणकावर बांधणीला कित्येक तास जातात. वसतिगृहाच्या वाय-फायवर तर उतरवणेच पूर्ण होणार नाही.

म्हणून आपण क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क, म्हणजेच सीईएफ, वापरू. मार्शल ग्रीनब्लॅट यांनी हा मुक्तस्रोत प्रकल्प २००८ मध्ये सुरू केला. गूगलचा क्रोम ब्राउझर बाजारात आला तेच हे वर्ष. सीईएफची मांडणी अशी : क्रोमियमचे अवाढव्य इंजिन आधीच बांधून एका सामायिक लायब्ररीत, लिबसीईएफमध्ये, ठेवलेले असते. आपण फक्त त्याभोवतीचा आपला छोटा प्रोग्रॅम लिहायचा. स्पॉटिफाय आणि स्टीम यांचे डेस्कटॉप अनुप्रयोग याच पद्धतीने आपल्या खिडकीत वेबपाने दाखवतात.

हा विषय आपल्या देशाच्या दृष्टीनेही आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. २०१० मध्ये बंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्स कंपनीने मोझिलाच्या पायावर 'एपिक' नावाचा ब्राउझर आणला, त्यात भारतीय भाषांत लिहिण्याची सोय होती. पुढे तो क्रोमियमच्या पायावर गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय वेब ब्राउझर विकास स्पर्धा जाहीर केली आणि ती चालवण्याचे काम सी-डॅकच्या बंगळुरू केंद्राकडे होते. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, आणि एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक झोहोला मिळाले. त्यांचा 'उला' ब्राउझरही क्रोमियमवरच उभा आहे. म्हणजे ज्यांच्याकडे मोठा अभियंतावर्ग आहे तेही इंजिन नव्याने लिहीत नाहीत, तयार इंजिन घेऊन त्याभोवती काम करतात. तुम्ही सीईएफचा नमुना बांधता तेव्हा लहान प्रमाणात तेच करता. यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही.

एक सूचना. या टिपणात आज्ञांची आणि फायलींची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना अचूक स्पेलिंग हवे, त्यासाठी संचातील 'सीमेकलिस्ट्स' ही मजकूर फाइल उघडा. तिच्या सुरुवातीच्या टिप्पण्यांत लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींसाठी बांधणीच्या आज्ञा क्रमाने दिलेल्या आहेत. मुले ही फाइल सोडून व्हिडिओ शोधत बसतात आणि तीन वर्षे जुन्या आवृत्तीच्या आज्ञा उतरवून घेतात.

संच उतरवताना

सीईएफच्या बांधणी-पानावर प्रत्येक आवृत्तीचे अनेक प्रकार दिसतात. आपल्याला हवा 'स्टँडर्ड'. 'मिनिमल' आकाराने लहान म्हणून बरेच जण तोच घेतात आणि मग नमुने कुठे आहेत म्हणून विचारत येतात. मिनिमलमध्ये फक्त रिलीज बांधणी असते आणि 'टेस्ट्स' हे फोल्डरच नसते. नमुना अनुप्रयोग नेमके त्याच फोल्डरमध्ये असतात. 'क्लायंट' हा प्रकार म्हणजे बांधून तयार असलेला नमुना. तो चालवून पाहायला ठीक आहे, शिकायला उपयोगाचा नाही.

संच शेकडो एमबींचा असतो. सोबत दिलेला शा-१ हा पडताळणी-अंक उतरवलेल्या फाइलच्या अंकाशी जुळवून पाहा. रायपूरच्या उन्हाळ्यात वीज जाते, राउटर बंद पडतो, डाउनलोड अर्धवट राहतो, आणि तरीही फाइल दिसायला पूर्ण दिसते. पुढचे दोन तास अनाकलनीय त्रुटींशी झगडण्यापेक्षा हे अर्धे मिनिट स्वस्त आहे. फाइलच्या नावातच सीईएफची आवृत्ती, क्रोमियमची आवृत्ती आणि प्लॅटफॉर्म लिहिलेला असतो. ते पूर्ण नाव प्रकल्प-वहीत उतरवून ठेवा. मदत मागताना पहिला प्रश्न तोच येतो.

संच उलगडल्यावर दिसणाऱ्या फोल्डरांपैकी पाचांचे काम नीट समजून घ्या. 'इन्क्लूड'मध्ये हेडर फायली आहेत. 'डीबग' आणि 'रिलीज' या दोन्हींत बांधलेले इंजिन आहे. 'रिसोर्सेस'मध्ये पॅक फायली, आयसीयूची डेटा फाइल आणि 'लोकेल्स' नावाचे उपफोल्डर आहे. पाचवे, 'लिबसीईएफ-डीएलएल', जरा विचार करण्यासारखे आहे. यात इंजिन नाही, इंजिनाभोवतीच्या वेष्टणाचा सी++ स्रोत आहे, आणि तो तुम्हालाच कंपाइल करावा लागतो. असे का? वेगवेगळे सी++ कंपायलर वर्गांची मेमरीतील मांडणी आणि फंक्शनांची अंतर्गत नावे वेगवेगळ्या रीतीने ठरवतात. त्यामुळे एका कंपायलरने बांधलेली सी++ लायब्ररी दुसऱ्याने बांधलेल्या प्रोग्रॅमशी जुळेलच याची खात्री नसते. सी भाषेच्या बाबतीत हा गोंधळ बराच कमी. म्हणून लिबसीईएफ बाहेरच्या जगाशी फक्त सी भाषेत बोलते आणि तुमच्या कंपायलरने बांधलेले वेष्टण त्या सीचे पुन्हा सोयीच्या सी++ वर्गांत रूपांतर करते. कार्यकारी प्रणालीच्या अभ्यासक्रमात 'एबीआय' ही संज्ञा एका ओळीत उरकलेली असते. तिचा इतका स्वच्छ उपयोग दुसरीकडे क्वचित दिसतो.

बांधणी

नमुने मुख्यतः दोन. सीईएफसिम्पल हा अगदी लहान, एक खिडकी उघडून एक पान दाखवणारा. सीईएफक्लायंट हा मोठा, जवळजवळ प्रत्येक सोय वापरून दाखवणारा. सुरुवात सिम्पलपासूनच करा. क्लायंटचा स्रोत पहिल्याच दिवशी उघडला तर विषयाचीच भीती बसते. शिवाय लिनक्सवर क्लायंटला जीटीके-३ च्या विकास फायली लागतात. नुसत्या सिम्पलसाठी त्यांच्यावाचून अडत नाही.

उबुंटूवर कंपायलर-साधने, सीमेक आणि निंजा बसवलेली असली पाहिजेत. संचाच्या फोल्डरमध्ये 'बिल्ड' नावाचे नवे फोल्डर करा, त्यात जा, सीमेकला निंजा हा जनरेटर आणि डीबग हा बांधणी-प्रकार सांगून चालवा आणि मग निंजाला फक्त सीईएफसिम्पल बांधायला सांगा. पहिल्या वेळी काही मिनिटे लागतात, कारण वेष्टणाच्या कित्येक लहान फायली कंपाइल होतात. त्यानंतर तुम्ही एखादी ओळ बदलली तर काही सेकंदांत काम होते. चार जीबी मेमरीच्या संगणकावर कंपायलर मध्येच मारला गेला तर निंजाला एका वेळी दोनच कामे घ्यायला सांगा. सीईएफच्या नव्या आवृत्त्यांना सी++१७ किंवा त्यापुढचे मानक जाणणारा कंपायलर लागतो. प्रयोगशाळेत जुनी प्रणाली असेल तर त्रुटींची मालिका हेडर फायलींतूनच सुरू होते. तेव्हा स्रोत दुरुस्त करत बसू नका, कंपायलरची आवृत्ती पाहा.

तयार झालेला प्रोग्रॅम 'बिल्ड'मधील 'टेस्ट्स', त्यातील 'सीईएफसिम्पल', त्यातील 'डीबग' अशा फोल्डरमध्ये सापडेल. ते फोल्डर नीट न्याहाळा. तिथे केवळ तुमचा प्रोग्रॅम नाही. सीमेकने इंजिन, पॅक फायली, आयसीयू डेटा, व्ही८ चा स्नॅपशॉट आणि लोकेल्स हे सगळे तिथे आणून ठेवले आहे. हे दृश्य लक्षात ठेवा.

चालवणे : एक प्रोग्रॅम, अनेक प्रक्रिया

टर्मिनलवरून चालवला की खिडकी उघडते आणि दुसरे काही सांगितले नसेल तर गूगलचे पान दिसते. 'यूआरएल' हा स्विच देऊन दुसरा पत्ता देता येतो. इंटरनेट बंद असेल तर खिडकीत पान उघडता आले नाही असा संदेश येतो. काही आवृत्त्यांत तो इंजिनाने दिलेला नसतो, नमुन्याच्या हँडलर वर्गातील लोड-त्रुटीच्या फंक्शनने बनवलेला असतो. ते फंक्शन शोधा आणि तिथे मराठी वाक्य लिहून पुन्हा बांधा. बहुतेक मुलांचा या स्रोतातला हा पहिला बदल असतो, आणि तो लगेच डोळ्यांना दिसतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. लिनक्ससाठीच्या मुख्य फाइलमध्ये मेन फंक्शनच्या अगदी पहिल्या ओळीत प्रक्रिया-क्रमांक छापणारी एक ओळ घाला. बांधा, चालवा. ती ओळ एकदा नाही, अनेकदा छापलेली दिसेल, आणि दर वेळी क्रमांक वेगळा.

कारण असे. क्रोमियम एका प्रक्रियेत सगळे काम करत नाही. मुख्य ब्राउझर प्रक्रिया खिडकी आणि नियंत्रण सांभाळते, रेंडरर प्रक्रिया पान मांडते व जावास्क्रिप्ट चालवते, चित्रणासाठी जीपीयू प्रक्रिया असते, आणि नेटवर्कसारख्या सेवांसाठी आणखी. या उपप्रक्रियांसाठी वेगळी फाइल दिलेली नसेल तर सीईएफ तुमचाच प्रोग्रॅम पुन्हा चालवते, फक्त 'टाइप' नावाचा स्विच जोडून. म्हणून मेनमध्ये सर्वांत आधी सीईएफ-एक्झिक्यूट-प्रोसेस हे फंक्शन बोलावलेले आहे. ते स्विच पाहते. उपप्रक्रिया असेल तर तिचे काम संपेपर्यंत तिथेच थांबते आणि शून्य किंवा त्याहून मोठा अंक परत देते. मग मेनने तिथूनच बाहेर पडायचे. मुख्य प्रक्रिया असेल तर उणे एक मिळतो आणि पुढच्या ओळी चालतात : इनिशिअलाइझ, संदेश-चक्र, आणि शेवटी शटडाउन.

हुशार विद्यार्थी इथे विचारतो, की दोन पाने उघडली तर रेंडरर वाढले, मग ओळ तितक्याच वेळा का वाढली नाही? लिनक्सवर 'झायगोट' नावाची एक प्रक्रिया आधी तयार करून ठेवलेली असते आणि नवे रेंडरर तिच्यातून फोर्क होऊन निघतात. फोर्क झालेली प्रक्रिया मेनच्या पहिल्या ओळीपासून सुरू होत नाही. विंडोजवर फोर्क नाही, त्यामुळे तिथली मोजणी वेगळी येईल. फोर्क आणि एक्झेक यांतला फरक परीक्षेत पाठ म्हणून लिहिता ना, तो इथे मोजून पाहता येतो.

याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. एका गटाने डेटाबेस उघडण्याचा आणि लॉग फाइल रिकामी करण्याचा कोड एक्झिक्यूट-प्रोसेसच्या आधी लिहिला होता. मुख्य प्रक्रिया लॉगमध्ये काही लिही, आणि उपप्रक्रिया येऊन तो पुसून जाई. चार दिवस ते डेटाबेसला दोष देत होते. तुमचा सगळा कोड उणे एक मिळाल्यानंतरच.

आणखी एक कोडे : प्रोग्रॅम दुसऱ्यांदा चालवला तर काहीच न होता टर्मिनल परत येते. नव्या आवृत्त्यांत कॅशेचे मूळ फोल्डर तुम्ही ठरवून दिले नाही तर सीईएफ सर्वांसाठीचे ठरलेले फोल्डर वापरते, आणि एका फोल्डरवर एकच मुख्य प्रक्रिया चालू शकते. दुसरी आपले काम पहिलीकडे सोपवून निघून जाते. आधीची प्रक्रिया पार्श्वभूमीत अडकून राहिली असेल तर ती मारा, आणि सेटिंग्जमध्ये आपल्या अनुप्रयोगासाठी स्वतंत्र कॅशे-फोल्डर द्या. टर्मिनलवर तशी सूचना छापलेली असते, पण इशाऱ्यांच्या ओळी कोणी वाचत नाही.

सँडबॉक्स बंद करू नका

लिनक्सवर पहिल्याच वेळी 'वापरण्याजोगा सँडबॉक्स नाही' असा संदेश येऊन प्रोग्रॅम थांबू शकतो. इंटरनेटवर शोधले की पहिले उत्तर मिळते : 'नो-सँडबॉक्स' हा स्विच लावा. लावला की चालतेही. हे उत्तर मला फार खटकते.

रेंडरर प्रक्रिया अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड चालवते. त्या कोडने इंजिनातील एखादी चूक गाठली तरी त्याला तुमच्या फायलींपर्यंत पोचता येऊ नये म्हणून रेंडररला कोंडून ठेवलेले असते, तो हा सँडबॉक्स. तो काढला तर पानाला तुमच्या खात्याचे सगळे अधिकार मिळण्याची वाट मोकळी होते. संदेश येण्याचे कारण बहुधा साधे असते. उबुंटू २४.०४ मध्ये सामान्य प्रोग्रॅमना यूजर नेमस्पेस वापरण्यावर ॲपआर्मरचे निर्बंध आहेत. अशा वेळी सोबतची 'क्रोम-सँडबॉक्स' ही फाइल रूटच्या मालकीची करून तिला ४७५५ ही परवानगी द्यावी लागते. चार हा पहिला अंक म्हणजे सेटयूआयडी. त्या दोन आज्ञांना अधिकार लागतात, म्हणून प्रयोगशाळा-सहायकांना विनंती करा.

एका ग्रंथालयात विद्यार्थ्यांनी बनवलेला पुस्तकसूचीचा किऑस्क मी पाहिला आहे. तो रूट खात्यातून चालत होता. रूटमधून चालवताना क्रोमियम 'नो-सँडबॉक्स' या स्विचशिवाय चालायला नकार देते, म्हणून मुलांनी स्क्रिप्टमध्ये तो स्विच कायमचा लिहून टाकला होता. कोणीही समोर बसून कोणताही पत्ता उघडू शकत होता, आणि त्याच संगणकावर वाचकांची नोंदवही होती. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले होते. मी पाहिले त्या दिवसापर्यंत काही बिघडलेले नव्हते. वेगळे साधे खाते करून स्विच काढायला अर्धा तास लागला.

मराठी पान दाखवून पाहा

नमुना चालला की त्याची परीक्षा आपल्या लिपीत घ्या. एक लहान पान लिहा, यूटीएफ-८ मध्ये साठवा, वरच्या भागात वर्णसंच घोषित करा. मजकुरात हे शब्द घाला : दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना, कृष्ण, ज्ञान, बाळ. पहिल्या दोन जोड्या मुद्दाम दिल्या आहेत. रफार आणि अर्धचंद्राकृती र यांत गल्लत झाली तर समुद्राच्या जागी डोंगरातल्या दऱ्या येतात, आणि गुरुजनांच्या जागी स्वयंपाकी. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर दोष इंजिनाचा नाही, संगणकावर देवनागरी फॉन्टच नाही. नोटो किंवा लोहित बसवा. फॉन्टमधून योग्य जोडाक्षर निवडून मांडण्याचे काम इंजिनातील हार्फबझ ही लायब्ररी करते.

मग पानाची भाषा एकदा हिंदी आणि एकदा मराठी अशी घोषित करून ल आणि श ही अक्षरे निरखून पाहा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी या अक्षरांची विशिष्ट वळणे प्रमाण ठरवली. ज्या फॉन्टमध्ये मराठीची ही सोय केलेली आहे, त्यात फक्त भाषेची घोषणा बदलल्यावर अक्षराचे वळण बदलते, युनिकोड तेच राहते. आमच्या वर्गात बहुतेक मुले हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारी. हा प्रयोग त्यांना माझ्यापेक्षा जास्त आवडतो.

ब्राउझरचे स्वतःचे संदेश मराठीत हवे असतील तर लोकेल्समध्ये मराठीची पॅक फाइल आधीच असते. लिनक्सवर सीईएफ भाषा वातावरण-चलांतून ठरवते, आधी 'लँग्वेज' हे चल पाहते. म्हणून सेटिंग्जमध्ये लोकेल लिहूनही बदल झाला नाही तर चकित होऊ नका.

पान थेट डिस्कवरून उघडले तर चित्रे दिसतात, पण जावास्क्रिप्टची मॉड्यूल्स आणि फेच बहुधा अडवली जातात, कारण डिस्कवरील फायलींना ब्राउझर एकाच उगमाच्या मानत नाही. पायथनमधील लहान एचटीटीपी सर्व्हर पानाच्या फोल्डरमध्ये सुरू करा, तो ८००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो, आणि तो पत्ता नमुन्याला द्या.

दुसऱ्या संगणकावर नेताना

आता त्या चार मुलांकडे. त्यांनी प्रोग्रॅम आणि लिबसीईएफ एवढ्या दोनच फायली नेल्या होत्या. प्रोग्रॅमला इंजिन सापडले, कारण लायब्ररी आपल्याच फोल्डरमध्ये शोधावी असे बांधणीच्या वेळी लिहून ठेवलेले असते. पण इंजिन उठताच आयसीयूची डेटा फाइल मागते. अक्षरांचे गुणधर्म, शब्द कुठे तोडायचा, तारखा कशा लिहायच्या ही सारी माहिती तिच्यात असते. ती नसेल तर ते तिथेच थांबते. पॅक फायली नसत्या तर वेगळी त्रुटी आली असती. चूक मुलांची कमी, माझी जास्त : महिनाभर मी त्यांना तो प्रोग्रॅम बांधणीच्या फोल्डरबाहेर एकदाही चालवायला सांगितले नव्हते.

न्यायचे ते पूर्ण फोल्डर, लोकेल्ससकट. बांधणी रिलीज प्रकारची, कारण डीबगचे इंजिन आकाराने मोठे असते आणि आतल्या तपासण्यांवर जागीच थांबते. पेनड्राइव्हचे फॅट स्वरूप लिनक्सच्या परवानग्या जपत नाही, म्हणून फोल्डर टार करून न्या, तिथे उलगडा आणि क्रोम-सँडबॉक्सची मालकी व परवानगी पुन्हा द्या. ज्या संगणकावर कंपायलर नाही, सीमेक नाही, सीईएफचा संच नाही, अशा एखाद्या मित्राच्या लॅपटॉपवर परीक्षेच्या किमान आठवडाभर आधी चालवून पाहा.

सरावासाठी : रिलीज बांधणीच्या फोल्डरची प्रत करा आणि तिच्यातून एका वेळी एकच फाइल काढून प्रोग्रॅम चालवा. कोणती फाइल नसताना कोणता संदेश येतो, खिडकी उघडते की नाही, उघडून पांढरी राहते का, याची नोंद करा. प्रत्येक वेळी फाइल परत ठेवून मगच पुढची काढा. ही यादी टंकून प्रकल्प-अहवालाच्या परिशिष्टात जोडा आणि तिची एक छापील प्रत परीक्षेच्या दिवशी खिशात ठेवा.